मरणाची भाषा कानावर येते तेव्हा



चिटणीसांनी मला व्याख्यानाचा विषय विचारला, तेव्हा मी हा विषय सांगितला. ते जरा थांबले आणि म्हणाले, "कार्यक्रम आनंदाचा आहे. हा विषय बरा दिसेल का?" त्यांची शंका रास्त होती. परंतु इतके विद्यार्थी आणि त्यांचे पालक एका छताखाली वर्षातून एकदाच बसतात. हे बोलणे त्या दोघांनी मिळून ऐकावे, अशी माझी इच्छा होती. चिटणीसांनी ती मानली याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

मी डॉक्टर नाही, समुपदेशक नाही. कला शाखेचा पदवीधर आहे आणि बँकेत लिपिक म्हणून काउंटरवर बसतो. पण काउंटरच्या पलीकडे उभा असलेला माणूस नुसते पैशाचे बोलत नाही. कर्जाचे तीन हप्ते थकलेला गृहस्थ नोटिशीचा कागद पुढे सरकवतो आणि हसत हसत म्हणतो, "साहेब, आता एकच मार्ग उरलाय." वसतिगृहातला मुलगा शिष्यवृत्ती जमा झाली का ते पाहण्यासाठी तिसऱ्यांदा पासबुक भरून घ्यायला येतो. खाते आधारशी जोडलेले नसते म्हणून रक्कम अडकलेली असते, आणि तिकडे कॉलेजात फी मागत असतात. तो म्हणतो, "जाऊ द्या सर, आपण राहिलो काय नि नाही राहिलो काय." अशा वेळी पुढचा टोकन नंबर पुकारता येतो, आणि दोन मिनिटे थांबताही येते. त्या दोन मिनिटांत काय बोलावे आणि काय बोलू नये, एवढाच माझ्या आजच्या बोलण्याचा विषय आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली आपल्या देशात १,७०,९२४ माणसांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रातील होत्या, आणि ही संख्या सर्व राज्यांत सर्वाधिक होती. देशभरातील विद्यार्थ्यांची संख्या १३,०४४ होती. आकड्यांनी तुम्हाला घाबरवावे असा माझा हेतू नाही. पण आपल्या वस्तीत, आपल्या नात्यात हा प्रश्न नाही असे कोणी म्हणू नये म्हणून ते सांगितले. कारणांच्या रकान्यात कौटुंबिक अडचणी आणि आजारपण या दोहोंचा वाटा मिळून जवळपास निम्मा आहे. अर्थात रकान्यात एकच कारण लिहिता येते. माणसाच्या आयुष्यात चार-पाच कारणांची गाठ बसलेली असते, हे तुम्हीआम्ही जाणतो.

आता ही भाषा कशी ओळखावी? "मला मरायचे आहे" असे सरळ कोणी क्वचितच म्हणतो. "सगळ्यांना माझा भार झालाय." "झोपावं आणि उठूच नये." "माझ्यामागं धाकटीकडं लक्ष ठेव हं दादा." कधी शब्द नसतातच. मुलगा आवडीची पुस्तके वाटून टाकतो, उसने घेतलेले पन्नास रुपये आठवणीने परत करतो, जेवणाच्या पंगतीला यायचे बंद करतो. फार दिवस तळमळत असलेला माणूस एकाएकी अगदी शांत दिसू लागतो आणि घरचे म्हणतात, आता बरा झाला. यातली एखादी गोष्ट एकटी आढळली तर तिचा काही अर्थ असेलच असे नाही. पण दोन-तीन एकत्र दिसल्या तर विचारायला हवे.

आपल्याकडे एक समज फार पक्का आहे. "जो बोलून दाखवतो तो करत नाही." हे खरे नाही. आत्महत्या केलेल्यांपैकी पुष्कळांनी आधी कुणाजवळ तरी ते बोलून दाखवलेले असते. ऐकणाऱ्याने "नाटकं करतोय" म्हणून सोडून दिलेले असते, किंवा घाबरून विषय बदललेला असतो.

दुसरा समज याहून पक्का. विचारले तर त्याच्या डोक्यात नसलेले खूळ भरेल. न्यूयॉर्क राज्यातील सहा हायस्कुलांत दोन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर हे तपासून पाहण्यात आले आणि त्याचा निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाला. ज्या मुलांना आत्महत्येच्या विचारांविषयी सरळ प्रश्न विचारला, त्यांच्या मनात तो विचार न विचारलेल्या मुलांपेक्षा वाढला नाही. आधीच खचलेल्या मुलांचा ताण तर उलट थोडा कमी झालेला आढळला. तेव्हा विचारावे, आणि नीट विचारावे. "तसलं काही डोक्यात नाही ना तुझ्या?" हा प्रश्न नव्हे. त्यात "नाही म्हण आणि मला सोडव" अशी विनवणी आहे, आणि समोरचा ती ओळखून "नाही" म्हणतो. "तुझ्या मनात जीव देण्याचे विचार येतात का?" असे शांतपणे, बाजूला बसवून विचारावे. उत्तर "हो" आले तर पुढचे विचारावे. किती दिवसांपासून? रोज येतात का? काही ठरवले आहेस का? काही जमवून ठेवले आहेस का? ठरवले आहे आणि जमवलेही आहे असे उत्तर आले, तर त्या माणसाला त्या घटकेपासून एकटे सोडायचे नाही. मी उद्या येतो, असे म्हणून निघायचे नाही.

आणि मग ऐकायचे. हे सांगायला सोपे आणि करायला फार अवघड. १९५३ साली लंडनमधील चॅड व्हारा नावाच्या एका धर्मोपदेशकाने आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी आपल्या चर्चमध्ये टेलिफोन ठेवला. माणसे फोन करू लागली, समक्षही येऊ लागली. आलेल्यांना बाहेर थांबावे लागे, म्हणून काही साधी माणसे त्यांना चहा देत, त्यांच्याजवळ बसत. थोड्याच दिवसांत व्हारांच्या लक्षात आले की बाहेर चहा पिता पिता बोलून घेतल्यावर पुष्कळांना आत येण्याची गरजच उरत नाही. म्हणून त्यांनी ते काम त्या चहा देणाऱ्यांकडेच सोपवले. त्यांतून 'समॅरिटन्स' ही संस्था उभी राहिली. आपल्याकडे चेन्नईत १९८६ साली डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी 'स्नेहा' सुरू केली तीही याच पद्धतीची, प्रशिक्षित स्वयंसेवकांची. मला या गोष्टीतील चहा महत्त्वाचा वाटतो. आपल्या वस्तीत चहाला तोटा नाही, जवळ बसणाऱ्याला आहे.

आपण ऐकण्याऐवजी काय करतो? उपदेश करतो. "आईबापाचा विचार कर." त्याने तो शंभरदा केलेला असतो, आणि आपण त्यांच्यावर ओझे आहोत याच निष्कर्षावर तो येऊन ठेपलेला असतो. "लोकांची दुःखं बघ, तुझं काय एवढं?" म्हणजे त्याच्या दुःखाला आपण वजन करून कमी भरवले. आणि आपल्या समाजात हमखास म्हटले जाणारे एक वाक्य आहे, ते इथे स्पष्टच बोलतो. "बाबासाहेबांनी एवढं सोसलं, आणि तू एवढ्यात हरलास?" बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. बाबासाहेबांचे जीवन आपल्याला बळ देते यात शंका नाही, परंतु ते बळ योग्य वेळी द्यावे लागते. जो मुलगा अंथरुणातून उठू शकत नाही त्याच्यासमोर तो पर्वत उभा केला, तर आपण बाबासाहेबांच्याही लायकीचे नाही एवढेच त्याला ऐकू येते. त्या दिवशी त्याला एवढेच हवे असते की कुणीतरी म्हणावे, "फार सोसतोयस तू. मला सगळं सांग. मला घाई नाही."

या ठिकाणी विनयपिटकातील एका नियमाची आठवण करून देतो, कारण तो थेट आजच्या विषयाचा आहे. भिक्खूला संघातून कायमचे मुकावे लागते असे चार अपराध आहेत, त्यांना पाराजिका म्हणतात. त्यांतील तिसरा मनुष्यहत्येचा. पण त्या नियमात केवळ हत्या नाही. कुणाजवळ मरणाची स्तुती करणे, 'या जगण्यापेक्षा मरण बरे' असे सांगून त्याला मरणाकडे वळवणे, हेही त्यातच धरले आहे. त्याची कथाही दिली आहे. एक उपासक आजारी होता. काही भिक्खूंची वाईट नजर त्याच्या पत्नीवर होती. ते त्याच्यापाशी जाऊन म्हणाले, तू पुष्कळ पुण्य केले आहेस, आता या कष्टी जिण्यात काय ठेवले आहे? त्या उपासकाने जगण्याकडे पाठ फिरवली आणि त्यात त्याचा अंत झाला. हे झाले दुष्ट हेतूचे उदाहरण. पण पुढे आणखी एक प्रकरण येते. एका आजारी भिक्खूचे हाल बघवेनात म्हणून इतर भिक्खूंनी केवळ करुणेपोटी त्याच्याजवळ मरणाची थोरवी गायली आणि तो गेला. त्यांना पश्चात्ताप झाला, त्यांनी बुद्धांना विचारले. तोही पाराजिकाच ठरला. हेतू करुणेचा होता म्हणून शब्दांची जबाबदारी सुटली नाही. बोललेल्या शब्दाने माणूस मरू शकतो हे त्या काळी इतके स्पष्टपणे ओळखले गेले होते, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

हे सांगण्याचे कारण आपल्या शोकसभा. जानेवारी २०१६ मध्ये हैदराबादच्या विद्यापीठात आणि मे २०१९ मध्ये मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयात जे घडले, त्याने आपल्या प्रत्येक घरात चूल थंड झाली होती. आपण मोर्चे काढले, न्याय मागितला, तो मागायलाच हवा होता आणि आजही मागायला हवा. जातीच्या छळाकडे बोट न दाखवता नुसते 'मनाने कमजोर होता' म्हणणे हा मृताचा दुसरा अपमान आहे. तरीही माझे एक म्हणणे आहे, आणि ते काहींना रुचणार नाही याची मला कल्पना आहे. अशा सभेत वक्ता म्हणतो, "त्याने मरून दाखवून दिले", "तिच्या मरणाने समाज जागा झाला", तेव्हा तिसऱ्या रांगेत एक मुलगी बसलेली असते. तिला तिच्या कॉलेजात कुणी विचारत नाही. ती ऐकते की जिवंतपणी जे मिळत नाही ते मेल्यावर मिळते, मोठा फोटो लागतो, हजारो लोक येतात. वक्त्याच्या मनात असे काही नसते. त्या करुणा करणाऱ्या भिक्खूंच्याही मनात नव्हते.

व्हिएन्ना शहरात एका विशिष्ट प्रकारच्या आत्महत्यांची संख्या वाढली होती आणि वृत्तपत्रे त्या बातम्या रंगवून देत होती. १९८७ साली तेथील तज्ज्ञांनी वृत्तपत्रांना आवाहन केले, बातम्यांची पद्धत बदलली, आणि त्या प्रकारच्या घटना लक्षणीयरीत्या घटल्या. तेव्हा आपल्याही फलकांवर आणि भाषणांत काही पथ्य पाळता येईल. कसे केले याचे वर्णन नको. शेवटच्या चिठ्ठीचे वाचन नको. मरणाला शौर्याचे नाव नको. त्याचे जगणे सांगा, त्याचा अभ्यास, त्याची स्वप्ने, त्याला छळणाऱ्यांची जबाबदारी. आणि त्याच सभेत, तशाच छळातून जाऊन, मदत मागून, जिवंत राहून पदवी घेतलेल्या एखाद्याला व्यासपीठावर बोलवा. असे लोक या सभागृहातही असतील.

आता गुप्ततेविषयी. मुले सांगताना आधी शपथ घालतात, "ताई, कुणाला सांगणार नसशील तर सांगते." विद्यार्थी मित्रहो, ही शपथ घेऊ नका. "तुझी बदनामी होईल असं मी कुणाला सांगणार नाही, पण तुझ्या जीवाला धोका वाटला तर मी एकटी गप्प बसणार नाही, आपण दोघी मिळून कुणाला सांगायचं ते ठरवू," असे म्हणा. मैत्रीण रागावेल. रागावलेली मैत्रीण असणे चांगले. सांगायचे कुणाला, हेही पाहून ठरवावे. ज्या घरात मारहाण आहे त्या घरच्यांना सांगून उपयोग नाही. मग मावशी, शिक्षिका, वसतिगृहाचे गृहपाल, असा एक तरी मोठा माणूस शोधावा. ज्या वस्तूंनी अपाय होऊ शकतो त्या घरातून हलवाव्यात किंवा कुलपात ठेवाव्यात. मरणाची तीव्र इच्छा पुष्कळदा लाटेसारखी असते, चढते आणि ओसरते. ती ओसरेपर्यंत हाताशी काही नसणे आणि जवळ कुणी असणे यावर पुष्कळ अवलंबून असते. अमेरिकेत १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ऐन क्षणी अडवल्या गेलेल्या ५१५ माणसांचे पुढे काय झाले याचा शोध घेतला. सुमारे ९४ टक्के माणसे एकतर हयात होती किंवा नैसर्गिक मरणाने गेली होती. 'आज अडवले तर उद्या करीलच' असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

आपण अडवू शकतो, ऐकू शकतो, पण उपचार करू शकत नाही. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची 'टेली मानस' ही दूरध्वनी सेवा सुरू आहे. क्रमांक १४४१६. चोवीस तास, विनामूल्य, आणि मराठीत बोलता येते. ज्याच्या मनात विचार येतात तो तर करू शकतोच, पण त्याच्याशी कसे बोलावे हे विचारण्यासाठी तुम्हीही करू शकता. धोका अगदी समोर असेल तर ११२ लावावा किंवा सरळ जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यावे. आपल्याकडे मानसोपचार म्हटले की लोकांना येरवडा आणि ठाणे आठवते आणि थट्टा सुरू होते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांतही मनाच्या आजारावर बाह्यरुग्ण म्हणून उपचार मिळतात. केसपेपर काढायचा, दाखवायचे, औषध घ्यायचे, घरी यायचे. मधुमेहाला जातो तसेच.

रुग्णालयात न्यायला माणसे कचरतात त्याचे आणखी एक कारण पोलीस केस. माझ्या पिढीच्या डोक्यात कलम ३०९ घट्ट बसले आहे. आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा, एक वर्षापर्यंत कैद. या कलमाचा प्रवास मोठा मौजेचा आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ साली एका पोलीस शिपायाच्या प्रकरणात ते घटनाबाह्य ठरवले, १९९४ साली सर्वोच्च न्यायालयानेही तसेच म्हटले, आणि १९९६ साली मोठ्या पीठाने ते पुन्हा वैध ठरवले. पुढे मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ आला. त्याच्या कलम ११५ ने असे गृहीत धरले की प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता. त्याला शिक्षा करायची नाही, आणि त्याची काळजी घेणे, उपचार आणि पुनर्वसन करणे हे शासनाचे कर्तव्य आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात जुने ३०९ नाही. लोकसेवकाला त्याच्या कर्तव्यापासून रोखण्यासाठी किंवा त्याच्यावर दबाव आणण्यासाठी असा प्रयत्न करणे एवढाच प्रकार गुन्हा म्हणून ठेवला आहे. दुसऱ्याला आत्महत्येस प्रवृत्त करणे मात्र पूर्वीसारखाच गंभीर गुन्हा आहे. तेव्हा केसच्या भीतीने कोणी उपचार टाळू नयेत.

अलीकडे असे वाक्य रात्री अकरा वाजता मोबाईलवर वस्तीच्या किंवा वर्गाच्या गटात येऊन पडते. तिथे काय होते? दोघे हसण्याची चित्रे टाकतात, एक जण सुविचार पाठवतो, बाकीचे वाचून गप्प राहतात, प्रत्येकाला वाटते दुसरा कोणी बोलला असेल. चारचौघांत त्याला जाब विचारू नये आणि त्याचा मजकूर इतरांना पाठवू नये. वेगळा फोन करावा. उचलला नाही तर त्याच्या जवळ राहणाऱ्याला उठवून त्याच्या दाराशी पाठवावे. रात्रीची वेळ आहे, बरे दिसणार नाही, हा संकोच बाजूला ठेवावा.

माझ्या धंद्यातील एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. कर्जामुळे खचलेल्या माणसाचे आधी ऐकून घ्यावे, आकडे नंतर मांडावेत. आम्हा बँकवाल्यांची सवय उलटी असते. पण मांडावेत जरूर. सगळी देणी एका कागदावर लिहिली की पुष्कळदा ती मनातल्यापेक्षा लहान निघतात. शाखेत लेखी अर्ज करून हप्ते वाढवून मागता येतात, एकरकमी तडजोडीची बोलणी करता येतात. आणि रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बजावले आहे की थकबाकीसाठी कर्जदाराला सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येणार नाही, धमकावणे आणि चारचौघांत अपमान करणे तर मुळीच नाही. रात्री दहाला येणाऱ्या धमकीच्या फोनला घाबरून कोणी बसला असेल, तर त्याच्या वतीने तक्रारीचा अर्ज लिहून द्यायला मी तयार आहे.

शेवटी, रुग्णालयातून घरी आल्यानंतरच्या आठवड्यांविषयी. आपण समजतो संकट टळले. वास्तविक हाच काळ फार नाजूक असतो. पहिले चार दिवस घर पाहुण्यांनी भरते, नंतर कोणी फिरकत नाही. सॅन फ्रान्सिस्कोतील जेरोम मोटो या मानसोपचारतज्ज्ञांनी १९६९ पासून एक प्रयोग केला. रुग्णालयातून गेल्यावर पुढचे उपचार नाकारणारे ८४३ रुग्ण होते. त्यांपैकी काहींना पाच वर्षांत मिळून चोवीस छोटी पत्रे पाठवली, बाकीच्यांना काहीच नाही. पत्रात उपदेश नसे, चौकशीचा तगादा नसे. तुमची आठवण आहे, तुम्ही ठीक असाल अशी आशा आहे, वाटले तर लिहा, एवढाच आशय. पत्रे मिळालेल्यांमध्ये पहिल्या दोन वर्षांत आत्महत्येचे मृत्यू कमी झाले. पुढे इतरांनी केलेल्या अशा प्रयोगांचे निष्कर्ष सगळीकडे सारखे आले नाहीत, हेही सांगायला हवे. पण दोन ओळींना खर्च तो काय? महिन्यातून एकदा, न चुकता, "भाकरी खायला ये" एवढे जरी कळवले तरी चालेल.

टेली मानसचा क्रमांक मी कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून आणला आहे. त्या दारापाशी पुस्तकांच्या टेबलावर ठेवल्या आहेत. घेताना कोणी कोणाकडे पाहू नये, एवढी विनंती. ज्यांना सर्वांसमोर विचारायचे नाही त्यांच्यासाठी सभागृह रिकामे होईपर्यंत मी चहाच्या बाजूला थांबणार आहे. जयभीम.